कोरडं कपाट

९ जुलै

येऊन अकरा दिवस झाले. आज पहिल्यांदा वही उघडली तर पानं एकमेकांना चिकटलेली. शाई फुटते म्हणून पेन्सिलीने लिहितोय.

इथे कोरडं असं काहीच नाही. मीठ चमच्याने काढायचं नाही, ओतायचं. ही (म्हणजे माझी बायको, तोंडावरसुद्धा मी तिला नावाने हाक मारत नाही, मग वहीत कशाला) काडेपेटी उशाखाली घेऊन झोपते. पाकिटं आपली आपणच बंद होतात. परवा मेहुण्याला पत्र लिहायला घेतलं तर पत्राआधी पाकीटच चिकटून मोकळं झालं. एका अर्थी बरंच झालं. निघताना तो म्हणाला होता, "अठ्ठेचाळिसाव्या वर्षी समुद्र ओलांडून कोणाला शहाणं करणार आहात, भावोजी?" त्याला देण्यासारखं उत्तर अजून सापडलेलं नाही.

बावीस वर्षं मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवलं, मग पाळक झालो, आणि मग मीच हट्टाने अर्ज केला की मला बाहेर पाठवा. पाठवलं ते या बंदरावर. खाली उपासनेचं सभागृह, पूर्वी ते दोरखंडांचं गोदाम होतं. वर आमच्या दोन खोल्या. माझ्या आधीच्या पाळकाच्या वेळी उपासनेला चार माणसं यायची. मिशनच्या मोठ्या साहेबांनी निघतानाच स्पष्ट सांगितलं, "नोव्हेंबरात मी येईन. पंचवीस माणसं दिसली तर केंद्र चालू. नाहीतर टाळं." टाळं लागलं की मी परत, आणि परत म्हणजे मिशनच्या छापखान्यात पुस्तकं मोजायला. हे मला नको आहे. देवासमोर खोटं बोलत नाही, वहीसमोर तरी कशाला बोलू. मला ते अजिबात नको आहे.

१४ जुलै

चामड्याच्या जुन्या जोड्यांवर प्रयोग सुरू केला आहे. एक जोडा खिडकीत, एक पलंगाखाली, एक जिन्याखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत आणि एक स्वयंपाकघरात. बुरशी कुठे किती दिवसांत धरते ते पाहायचं. ही म्हणाली, "दोन जोड आहेत तुमच्याकडे. दोन्हींतला एकेक प्रयोगाला घेतलात तर एक वेळ समजले असते. चारही घेतलेत. रविवारी काय अनवाणी उपदेश करणार?"

मुद्दा बिनतोड होता. पण प्रयोग चालू आहे.

२१ जुलै

निकाल: खिडकीत तीन दिवस, पलंगाखाली चार, ट्रंकेत चार, स्वयंपाकघरात पाच. हिरवी बुरशी, कडेने पांढरी, वास ओल्या पोत्याचा. रविवारी सपाता घालून उभा राहिलो. माणसं सहा: जुनं म्हातारं जोडपं, बेकरीवाली आणि तिची बहीण, एक माणूस जो चुकून आला होता, आणि मास्तर.

मास्तर म्हणजे इथले निवृत्त शिक्षक. ते मला इथली भाषा शिकवतात. देवावर त्यांचा विश्वास नाही, माझ्या उच्चारांवर तर त्याहून नाही. पण एकही रविवार चुकवत नाहीत. म्हणतात, "विद्यार्थी कुठे चुकतो ते पाहायला येतो."

२ ऑगस्ट

गीतपुस्तकांना बुरशी लागली. साठ प्रती, नव्या कोऱ्या. मी हवेतल्या बाष्पाचं प्रमाण वगैरे काढत बसलो होतो, तेवढ्यात हिने सुताराला बोलावून सभागृहातल्या मोठ्या कपाटाच्या तळाला चार भोकं पाडून घेतली, आत चाळीस वॅटचा दिवा टांगला, तो दिवसरात्र चालू ठेवला आणि दार लावून टाकलं. तिसऱ्या दिवशी आतली पुस्तकं खडखडीत. हात घातला तर घरच्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. मी पाच मिनिटं हात आत घालून उभा होतो.

"एवढी भौतिकशास्त्राची पुस्तकं वाचून तुम्हाला कसं नाही सुचलं?" हिने विचारलं. तत्त्व मला माहीत होतं, एवढंच मी म्हणालो.

११ ऑगस्ट

समोर एक बाई राहते, उंबऱ्यात बसून दिवसभर मासेमारीची जाळी दुरुस्त करते. साठीची असेल. सगळे तिला जाळीवाली म्हणतात. आज ती मेणकापडात गुंडाळलेलं पुडकं घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता थेट हिच्याकडे गेली. दोघींची भाषा एक नाही. हिला इथले जेमतेम पन्नास शब्द येतात, पण अर्धा तास बोलत होत्या. मग पुडकं कपाटात गेलं.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

"नवऱ्याच्या होडीचा परवाना आणि त्याचा फोटो. एकच आहे. तो बुडाला त्याला तीस वर्षं झाली. फोटो दर वर्षी थोडा थोडा जातोय म्हणे. कोपऱ्यात ठेवलाय, तुमच्या पुस्तकांना त्रास नाही."

मला न विचारता ठेवला, हे थोडं लागलं. पण पुडकं लहान होतं.

२४ ऑगस्ट

उपासनेला अकरा! नोहाच्या तारवावर बोललो. समुद्राकाठच्या माणसांना पाण्याचा विषय भिडणारच, हा माझा अंदाज अचूक ठरला. सगळे वेळेच्या अर्धा तास आधीच हजर होते. उपदेश संपल्यावरही कोणी हलेना, कपाटापाशी रेंगाळत होते. उपदेश मनात मुरायला वेळ लागतो, तो त्यांना मिळाला पाहिजे. पुढच्या वेळी शेवटचं गीत जरा लांबवावं.

आता येताना काही जण आपापली पुडकी आणतात. उपासनेला येतच आहेत तर बरोबर तेही काम होतं.

२१ सप्टेंबर

तेवीस. योनावर बोललो. पन्नास मिनिटं, टिपणाशिवाय चार वाक्यं. मास्तरांनी नंतर सतरा चुका काढल्या, पण एक वाक्य "जवळजवळ माणसासारखं" होतं म्हणाले. मुख्य कचेरीला सविस्तर पत्र धाडलं. उपदेशांच्या विषयांची यादीही जोडली, इतर केंद्रांना उपयोगी पडेल.

कपाट भरलं आहे. शाळेचे दाखले, लग्नाचे फोटो, जमिनीचे कागद, कोणाच्या तरी बाळाचं जावळ. इंजिन दुरुस्त करणाऱ्याने तर आपल्या वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ ठेवलंय. जागेसाठी हिने गीतपुस्तकं वरच्या उघड्या फळीवर काढली. त्यांना पुन्हा बुरशी धरते आहे. मी म्हटलं, "अगं, कपाट पुस्तकांसाठी होतं."

"पुस्तकं पुन्हा छापता येतात," ही म्हणाली.

दर रविवारी ही कपाटाच्या दाराशी बसते. प्रत्येकाला त्याचं पुडकं काढून देते, उघडू देते, बघते, विचारते, परत ठेवते. हिच्या हाताला काम मिळालं याचं मला बरं वाटतं. इतक्या लांब येऊन बायकांना फार एकटं पडायला होतं.

२६ ऑक्टोबर

एकतीस! पंचवीस हवे होते, एकतीस आहेत. संध्याकाळी सहज कपाट मोजलं तर पुडकीही एकतीसच. योगायोग कसे असतात पाहा.

हिला म्हटलं, "आता केंद्राला मरण नाही. उपदेश लागू पडला."

ही भाजी निवडत होती. शेवटची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, पुढच्या रविवारी उपदेश थोडा आटोपता घ्या. लोकांना घरी कामं असतात."

४ नोव्हेंबर

मोठ्या साहेबांचं पत्र आलं. शनिवारी आठ तारखेच्या बोटीने येतायत, रविवारी उपासना पाहणार आणि माणसं मोजणार. सोबत छापील तपासणी-पत्रक आहे. कलम सातवं: मिशनची मालमत्ता केवळ मिशनच्या कार्यासाठी वापरली जात असल्याची खात्री करावी. गीतपुस्तकं, प्रती साठ, सुस्थितीत मांडलेली असावीत.

माझ्या कपाटात बाळाचं जावळ आणि बंद घड्याळ, आणि पुस्तकं फळीवर हिरवी झालेली. रात्रभर कलम सातवं डोळ्यांसमोर होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

हिची दाढ दोन आठवडे ठणकते आहे. आज बोटीने मोठ्या गावी दातांच्या डॉक्टरकडे गेली. शनिवारी साहेबांच्याच बोटीने परत येईल.

ती गेल्यावर मी कपाट रिकामं केलं. साठही पुस्तकं पुसून आत लावली, पाठी सरळ रेषेत. पुडकी जिन्याखालच्या ट्रंकेत ठेवली. यात घाई नाही, विचार आहे. ट्रंकेत बुरशी धरायला चार दिवस लागतात, हे मी स्वतः सिद्ध केलेलं आहे. बुधवार दुपार ते शनिवार दुपार म्हणजे तीन दिवस. शनिवारी साहेबांनी कपाट पाहिलं की लगेच पुडकी परत आत. कोणाला कळणारही नाही. प्रयोगाचा असा उपयोग होईल असं जुलैत वाटलं नव्हतं.

७ नोव्हेंबर

दोन दिवस दाट धुकं. भिंतींना घाम फुटलाय. जाळीवालीने रस्त्यापलीकडून हिची चौकशी केली. दाढ दाखवून मी खुणा केल्या. ती हसली.

८ नोव्हेंबर, शनिवार

नीट, क्रमाने लिहितो.

बोट दुपारी दोनला लागली. साहेब खूश होते, कपाट पाहून तर फारच. "अशी पुस्तकं मी एकाही किनाऱ्यावरच्या केंद्रात पाहिली नाहीत," म्हणाले आणि वरच्या खोलीत विश्रांतीला गेले. ही गाल धरून कपाटासमोर उभी होती.

"पुडकी कुठायत?"

मी ट्रंकेकडे बोट दाखवलं. चार दिवसांचा हिशेबही सांगितला. ही जिन्याखाली गेली आणि ट्रंक उघडली.

झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते. धुक्यात पत्रा गार पडला आणि आत पाणी धरलं. इयत्ता सातवीचा धडा. मी तो बावीस वर्षं शिकवलेला आहे. आणि माझा प्रयोग जोड्यावर होता. जोडा म्हणजे फोटो नव्हे, हे कळायला विज्ञानही लागत नाही.

एकेक पुडकं आम्ही जमिनीवर मांडलं. एकोणीस धड होती. बारा गेली होती. दाखल्यांवरची शाई उतरली होती. जावळाचा ओला गोळा झाला होता. जाळीवालीचा फोटो परवान्याला चिकटला होता. हिने नखाने, श्वास धरून सोडवायचा प्रयत्न केला. फोटो सुटला, पण चेहरा परवान्याच्या पाठीवर राहिला, आणि तोही पुसट डाग होऊन. फोटोत खांदे होते, सदरा होता, मागे होडी होती. मध्ये पांढरा कागद.

ही जमिनीवर बसून रडायला लागली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हिला असं रडताना मी दोनदाच पाहिलंय.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली. "एकदा विचारायचं होतं हो मला."

मी सॉरी म्हणालो. तो शब्द फार लहान वाटला.

मग, वहीत लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितो: मी मनात दुसरा हिशेब सुरू केला. लोक उद्या आले की आधी कपाटाकडे जातात. कपाटाला कुलूप घालावं. किल्ली सापडत नाही म्हणावं. उपासना होऊ द्यावी, साहेबांनी एकतीस मोजावेत, सही करावी, सोमवारी बोटीने जावं. मग लोकांना सांगावं. बातमी दोन दिवस उशिरा कळली तर फोटोचा चेहरा काही आणखी जाणार नाही. केंद्र वाचेल. मी राहीन.

हिला हे सांगितलं, चालेल का विचारलं. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमचा उपदेश, तुमचं केंद्र. मला विचारू नका आता." पहिल्यांदा विचारलं होतं, तेव्हा हे ऐकावं लागलं.

९ नोव्हेंबर, रविवार

किल्ली सकाळपासून खिशात होती. साहेब पुढच्या खुर्चीत पत्रक मांडीवर घेऊन बसले. सगळी माणसं आली. मी मोजली, सवयच लागली आहे. एकतीस. कपाटाला कुलूप पाहून जाळीवालीने हिच्याकडे पाहिलं. हिने खाली मान घातली.

इंजिनवाल्याने मला विचारलं, "पाळकसाहेब, कुलूप का?"

किल्ली हरवली, हे वाक्य मी त्यांच्या भाषेत पाठ करून ठेवलं होतं. व्याकरण बिनचूक होतं. ते तोंडातून निघेचना.

पुसून, पुडकी पुन्हा भरून ठेवलेली ट्रंक मी ओढत सभागृहाच्या मध्ये आणली आणि उभ्या उभ्या सांगितलं. साहेब येणार म्हणून तुमच्या वस्तू मी बाहेर काढल्या. बायकोला विचारलं नाही. बारा खराब झाल्या. साहेबांना पुस्तकं दिसावीत म्हणून हे केलं. चूक माझी आहे, तिची नाही. टिपणं नव्हती. किती चुका केल्या माहीत नाही, मास्तरांनी नंतर एकही काढली नाही.

कोणी आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. एकेक जण पुढे आला, पुडकं उचललं आणि बाहेर गेला. बेकरीवाली जावळाचा गोळा हातात धरून क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. जाळीवालीने पुडकं उघडलंच नाही. बोटांनी वरून चाचपलं, आणि तिला कळलं असावं. तीही गेली. ज्यांच्या वस्तू धड होत्या तेही गेले.

राहिले जुनं जोडपं, आणि मास्तर. त्या दोघांनी आपली तीन पुडकी उचलली आणि पुन्हा खाली बसले. मास्तरांचं पुडकं कधी नव्हतंच.

मी उपासना घेतली. शेवटचं गीत लांबवलं नाही.

साहेब नंतर म्हणाले, "बाकीचे कुठे गेले?" त्यांना भाषा येत नाही. मी सगळं सांगितलं, कुलुपाच्या बेतासकट. त्यांनी चष्मा काढून पुसला. इथे चष्मे सारखे पुसावे लागतात.

"तुम्ही खरं बोललात, याचं मला बरं वाटलं," ते म्हणाले. "पण या पत्रकात त्याला रकाना नाही. तीन म्हणजे तीन. पाच डिसेंबरच्या बोटीने निघा. छापखान्यात तुमची जागा ठेवतो."

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, इतकंच.

एक मात्र आज स्वच्छ दिसलं. एकतीस पुडकी होती म्हणून एकतीस माणसं होती. हिला हे ऑगस्टपासून माहीत होतं. "मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "तुम्ही खुशीत होता," ही म्हणाली.

१० नोव्हेंबर

साहेब बोटीने गेले. बारा घरं आहेत. आज त्या बाराही घरी जाऊन यायचं ठरवलं. हिला म्हटलं, "चल." ती म्हणाली, "तुम्ही एकट्याने जा."

पाच घरांत बसायला सांगितलं, चारांत दारातूनच बोलणं झालं, दोन घरांनी दार उघडलं नाही. जाळीवालीचं घर समोरच, म्हणून ते शेवटी ठेवलं होतं. खरं कारण तेवढंच नव्हतं.

ती उंबऱ्यात बसून जाळं विणत होती. फोटो शेजारी पाटावर, वर वजनाला शिसं ठेवलेलं. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली. सुई थांबली नाही.

"बुरशी इथे सगळ्यांच्याच घरी येते," ती म्हणाली. "ती हवेची. तिच्यावर कोण रागावणार?" मग फोटो उचलून माझ्या हातात दिला. "माझे डोळे आता अधू झालेत. मला तो हल्ली नीट आठवत नाही, म्हणूनच तर फोटो जपायचा होता. तुम्ही सांगा. तुमच्या घरात तीन महिने होता. कसा दिसायचा?"

मी कोऱ्या कागदाकडे बघत राहिलो. खांदे दिसत होते. सदऱ्याला दोन खिसे होते. वर काय होतं, मला आठवेना. आणि मग लक्षात आलं की आठवण्यासारखं काही नव्हतंच. चार जोडे मी रोज सकाळी भिंगातून पाहिले होते.

"मी पाहिला नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही."

तिची सुई थांबली.

"तीन महिने माणूस घरात, आणि तुम्ही तोंड बघितलं नाही?"

"नाही."

फोटो खराब झाला तेव्हा ती रागावली नव्हती. आता रागावली. जाळं मांडीवरून खाली ठेवलं आणि मान फिरवून समुद्राकडे बघत बसली. जावं की थांबावं, कळेना. पाळक म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. नोहा, योना, कोणीही आठवेना.

"आता सांगा," मी म्हणालो. "जेवढा आठवतो तेवढा."

"आता काय करायचंय? तुम्ही जाणार ना. कळलं मला."

"अजून पंचवीस दिवस आहेत."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मास्तर माझी वही तपासायच्या आधी पाहतात तसं. मग पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं, आणि मी बसल्यावर जाळ्याचं दुसरं टोक धरायला दिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोललो नाही. ते जमलं, याचं मला नवल वाटलं.

"आधी कान सांगते," ती म्हणाली. "फार मोठे होते."